आट्यांची लेन्स

आमच्या साडूंनी आजवर मला जितक्या गोष्टी समजावून सांगितल्या, त्यांतली एकही मला समजलेली नाही. आणि तरीही त्यांच्याइतका जीव तोडून समजावून सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंगळवार पेठेत त्यांचं सरकी पेंडीचं आणि भुशाचं दुकान. वर राहायला घर. ते मला 'पावणं' म्हणतात, मीही त्यांना 'पावणं' म्हणतो. सासुरवाडीला, निपाणीच्या अलीकडच्या गावात, 'पावणं, जेवायला चला' अशी हाक आली की आम्ही दोघंही उठतो आणि पाट एकच मांडलेला असतो. त्यांचं बोलणं नेहमी 'आसं हाय बगा' या शब्दांनी सुरू होतं आणि 'कळलं न्हवं?' या शब्दांनी संपतं. मधलं सगळं माझ्या डोक्यावरून जातं. पण मी 'व्हय की' म्हणतो, कारण 'न्हाय' म्हटलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि तोवर चहाही गार होतो.

त्यांच्या आयुष्याचा सगळा पसारा एका लेन्सभोवती उभा होता. दिवसभर पेंडीच्या पोत्यांत वावरणाऱ्या, भुवयांपर्यंत भुसा बसलेल्या या माणसाला जगात भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे धूळ. स्वतःच्या अंगावरची नव्हे, लेन्सवरची. ही लेन्स त्यांच्या एका फौजी मामांनी जुन्या कॅमेऱ्यासकट आहेर म्हणून दिलेली. मामांना रजा मिळाली नाही, लग्नाला येता आलं नाही, आणि आहेर लग्नानंतर चांगला दोन महिन्यांनी पोचला. जर्मन बनावटीची, पितळी अंगाची, हातात घेतली की मापातल्या वजनासारखी जड. आणि तिला आटे. बाटलीच्या झाकणाला असतात तसे आटे. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवत फिरवत बसवायची. पुढं बाजारात आलेल्या लेन्सा खाचेत घालून फिरवल्या की टक् करून बसायच्या. साडूंना त्यांचा भारी तिटकारा. "टक् करून बसतंय ते टक् करून निघतंय बी, पावणं. आटे म्हंजे कसं, संसारागत. चढवाय वेळ लागतोय, उतरवाय त्याहून जास्त." मग ते आट्यांची जाडी, त्यांचं अंतर असलं काहीबाही मला कागदावर काढून दाखवत. कागद पेंडीच्या पोत्यावरचा असे आणि चित्र मला जिलबीसारखं दिसे.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तशी लेन्सलाही येते, हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं. पावसाचे चार महिने लेन्सचा मुक्काम अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, तांदळाच्या डब्यात. फडक्यात गुंडाळलेली. अक्का एकदा घाईत फडक्यासकट मापटं भरून बसल्या होत्या, तर हे असे किंचाळले की खालची गिऱ्हाइकं पेंड टाकून वर आली. पाऊस उघडला की लेन्सला ऊन दाखवायचं. गच्चीवर उपड्या वाटीवर तिला बसवायची आणि शेजारी आपण टोपी घालून बसायचं, कावळा येऊ नये म्हणून. त्याच गच्चीवर अव्वांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, त्या लेकीकडे राहायला आल्या असताना नवंकोरं इरकल वाळत घातलेलं. साडूंना डुलकी लागली. लेन्स उन्हाकडे तोंड करून बसलेली, वाऱ्यानं लुगडं तिच्यामागे सरकलं, आणि थोड्या वेळानं लुगड्याला शिरा भाजल्यासारखा वास यायला लागला. बरोबर मध्यावर वाटाण्याएवढं भोक. अव्वा कपाळाला हात लावून कानडीत बोलू लागल्या. साडूंनी ते भोक उजेडाकडे धरून चारी बाजूंनी निरखलं आणि म्हणाले, "अव्वा, कड बगा कशी कातरल्यागत हाय! काच एकदम निर्मळ हाय बगा." अव्वा त्यानंतर जावयाकडे महिनाभर पाठ करून जेवल्या.

असल्या माणसाला घरात कुणी किंमत दिली नसती. पण एका कामासाठी सगळं सासर, माहेर, भावकी त्यांच्यापुढे हात जोडून उभी असे. आमच्यातल्या प्रत्येक लग्नात नवरीचा एक फोटो साडू काढत. एकच. बाकीचे हजार फोटो लग्नाचा फोटोवाला काढो, व्हिडिओवाला काढो, त्याला ते नाक मुरडत नसत. त्यांचा फोटो म्हणजे नवरीवर पहिल्या अक्षता पडतात तो क्षण. त्यासाठी ते मांडवात लाकडी स्टूल नेत, त्यावर चढत, आणि लेन्सचं कडं बोटानं हळूहळू फिरवत बसत. स्टूल धरायचं काम अक्कांचं. कुणाचंही लग्न असो, अक्का जरीच्या लुगड्यात नवऱ्याचं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या. माझ्या लग्नात, नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास, मी बाशिंग बांधून घाबराघुबरा उभा, आणि समोर हा माणूस स्टुलावर. अक्षता पडल्या, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि त्या गोंधळात टुप्पकन एक आवाज झाला. तो फोटो आजही आमच्या घरात आहे. बायकोच्या डोळ्यांत पाणी आहे की हसू आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कडेला माझा अर्धा कान आलाय. मी तक्रार केली तर म्हणाले, "कान स्पष्ट आलाय की! आनि काय पायजे?"

प्रत्येक फोटोची एक प्रत त्यांच्या माडीवरच्या भिंतीवर. एका ओळीत खिळे, खिळ्याला नवरी. पण ओळीतल्या पहिल्या खिळ्यावर काहीच नाही. नवा माणूस आला की विचारायचा, हा का रिकामा? साडू म्हणत, "ऱ्हाऊ दे तो." मीही विचारलं होतं. मला मात्र त्यांनी 'आसं हाय बगा' म्हणून सुरुवात केली, मध्येच थांबले आणि लेन्स पुसायला लागले. मी चक्रावलो. हा माणूस मला समजावून सांगायचं अर्ध्यावर सोडतो म्हणजे काय? बायकोनं घरी आल्यावर सांगितलं, "अहो, अक्काचा आहे तो. त्यांच्या लग्नात लेन्स कुठं होती? आणि असती तरी नवरदेव स्टुलावर कसा चढणार?"

फिल्मचा जमाना गेला आणि डिजिटल कॅमेरे आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, की चला, आता तरी ती लेन्स तांदळाच्या डब्यात कायमची विसावेल. साडूंनी नवा कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत आलेली लेन्स त्याच दुपारी भाच्याला देऊन टाकली आणि आपली आट्यांची लेन्स घेऊन उद्यमनगरात गेले. आता उद्यमनगर म्हणजे काय, तिथं इंजिनाचे पार्ट, पंपाचे पार्ट, सगळं लेथवर कातून मिळतं. साडूंचं म्हणणं एवढंच, की एका बाजूला जुन्या लेन्सचे आटे आणि दुसऱ्या बाजूला नव्या कॅमेऱ्याची खाच अशी एक रिंग करून द्या. कारागिरानं विचारलं, "किती हॉर्सपॉवरचं हाय?" साडू म्हणाले, "फोटोचं हाय." त्यानं मान डोलावली आणि ऊस गाळणाऱ्या चरकाला चालेल अशी दणकट रिंग करून दिली. बसली मात्र झकास.

पण ती जराशी जाड झाली होती, आणि त्यामुळे म्हणे लेन्स कॅमेऱ्यापासून जास्त लांब गेली, आणि त्यामुळे म्हणे लांबचं काहीच स्पष्ट येईना. लेन्स लांब गेली तर तिनं लांबचं दाखवायला पाहिजे की नको? मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. मी 'व्हय की' म्हटलं. परिणाम एवढाच झाला, की पुढचा सगळा उन्हाळा साडू फक्त चार फुटांच्या आतले फोटो काढू शकत होते. ते आम्हालाही घेऊन सहकुटुंब पन्हाळ्याला गेले आणि परत आले तेव्हा फोटोत पन्हाळा कुठंच नव्हता. नुसती नाकं. अक्कांचं सोडून सगळ्यांची नाकं, कारण अक्का पिशवी धरून मागं उभ्या होत्या. "तुमच्या नाकावर तीळ हाय, म्हाईत हुतं का पावणं?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. शेवटी दुसरी, पातळ रिंग झाली आणि पन्हाळा दिसू लागला.

तर आता नवाच घोळ. लेन्स बसली, चित्र दिसतंय, आणि कॅमेरा पडद्यावर दाखवतो की लेन्सच नाही! अर्धा किलोचं पितळ त्याच्या तोंडाला लटकतंय आणि तो म्हणतो, नाही. साडूंचा संताप बघण्यासारखा होता. "आयला, ह्याच्या नाकाम्होरं हाय की! आंधळा हाय काय ह्यो?" चौकशीअंती कळलं की नव्या लेन्सांच्या बुडाला विजेच्या टिकल्या असतात, त्या कॅमेऱ्याशी बोलतात, जुनी लेन्स मुकी, म्हणून तिची दखल नाही. बावड्याच्या साखर कारखान्यात मी टाइम ऑफिसला. आयुष्यात पहिल्यांदाच मला साडूंचं काहीतरी समजलं. माणूस खात्यावर हजर आहे, घाम गाळतोय, पण गेटवर कार्ड पंच केलं नाही, तर आमच्या लेखी तो गैरहजर. मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी मला मिठीच मारली. "पावणं! मग हिचं कार्ड पंच करायला पायजे!"

ते कार्ड म्हणजे चिप. नखाएवढी, सोनेरी ठिपक्यांची, इंटरनेटवरून कुणाकडून तरी मागवलेली, थेट हाँगकाँगहून टपालानं आली. ती रिंगच्या आतल्या अंगाला केसभरही इकडेतिकडे न होता चिकटवायची, की कॅमेऱ्याला वाटणार नवी लेन्स आली. शिवाय, आणि साडूंचा सगळा जीव यातच अडकला होता, लेन्सचं कडं हातानं फिरवत नेमकं स्पष्ट झालं, की कॅमेरा 'पिप' असा बारीक आवाज करणार. नाजूक काम म्हणून ते चिप घेऊन गुजरीत आपल्या नेहमीच्या सराफाकडे गेले. तो डोळ्याला भिंग लावून बसलेला, हात स्थिर, सगळं जमेत धरण्यासारखं. साडू चिप त्याच्यासमोर ठेवून पाणी प्यायला वळले. परत बघतात तर सराफानं सवयीप्रमाणे ते सोनेरी ठिपके कसोटीच्या दगडावर घासले होते. "काय न्हाय वो यात," तो चिप परत करत म्हणाला, "नुसता मुलामा हाय. फसवलंय तुमास्नी." साडू तिथंच गादीवर मटकन बसले. दुसरी चिप आली तेव्हा मी स्वतः सोबत गेलो आणि चिकटेपर्यंत सराफाचा दगड माझ्या मांडीखाली ठेवला.

मी गोंधळलो होतो तो वेगळ्याच गोष्टीनं. ह्या माणसाला वाजणारं काही आवडत नसे. आपोआप स्पष्ट करणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल त्यांचं वाक्य ठरलेलं: "कुनाकडं बगायचं हे कॅमेरा ठरवनार व्हय? मग मला कशाला, मशीनच धाडा की लग्नाला!" मग त्यांनाच आता ही पिप कशाला हवी होती? आणि लेन्स स्वतःच्या हातानं खोलून, पुसून, जोडणारा माणूस चिप चिकटवायला सराफाकडे का जातो? त्याच सुमारास त्यांनी स्कूटर सोडून चालायला सुरुवात केली. म्हणाले, तब्येतीला बरं असतंय. दुकानात काट्यावरचा आकडा अक्का मोठ्यानं वाचायला लागल्या. एकदा रंकाळ्यावर मी समोरून हात केला, तर हे माझ्या शेजारून जाणाऱ्या अनोळखी गृहस्थाला 'पावणं, कवा आला?' म्हणून भेळ खायला घेऊन गेले. त्या गृहस्थानंही खाल्ली. मी मागं बसून विचार करत राहिलो, की मी काय रागावण्यासारखं केलं? विक्षिप्त माणसाचं एक बरं असतं, त्याच्या प्रत्येक गोष्टीला विक्षिप्तपणा म्हणून आपण मोकळे होतो.

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक. ती पाळण्यात असल्यापासून साडू म्हणत आलेले, की भिंतीवरच्या सगळ्या नवऱ्या म्हणजे नुसती तालीम. हिचा फोटो काढायचा म्हणून ही लेन्स जपलीय. ओळीच्या शेवटी तिच्यासाठी खिळाही मारून ठेवलेला. वधूपित्यानं लग्नात स्टुलावर चढू नये असं सगळ्या भावकीनं बजावलं. ते म्हणाले, "मग लगीन पुढं ढकला." भावकीनं नाद सोडला. अडचण एकच होती. अक्का वधूमाय, त्यांना लेकीच्या पाठीशी उभं राहणं भाग. स्टूल कोण धरणार? अक्कांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. "दोनी हातानं धरा हं. डावा पाय हलका हाय स्टुलाचा." एवढंच बोलून त्या थांबल्या, अजून काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण तेवढ्यात कुणीतरी हळकुंडं मागायला आलं.

कार्यालय खच्चून भरलेलं. लाउडस्पीकरवर जंगमस्वामींच्या मंगलाष्टका, दारात बँड, आणि मुलाकडच्यांनी हौसेनं आणलेली हलगी. कोल्हापूरची हलगी कार्यालयात वाजते तेव्हा छातीची हाडं मोजून घेता येतात. साडू फेटा बांधून स्टुलावर, मी खाली गुडघे टेकून दोन्ही हातांनी स्टूल धरलेलं. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली. साडूंचं बोट कडं फिरवतंय, पुढं, मागं, पुन्हा पुढं. मी वर बघतोय. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चाचपडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि चक्क कानाला लावला. मग पुन्हा डोळ्याला. पुन्हा कानाला. लोक हसायला लागले.

"पावणं!" ते खाली वाकून ओरडले. "आईकू येतंय का?"

"काय?"

"पिप वो, पिप!"

"कसली पिप? ह्या हलगीत?" मी म्हटलं. "डोळ्यानं बघा की आणि काढा!"

ते आणखी खाली वाकले. फेट्याचा शेमला माझ्या तोंडावर आला. आणि त्या सगळ्या गदारोळात त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"दिसंना झालंय वो मला. वरीस झालं. सगळं धुरकाट. पोरगी कुठं हाय ती बी दिसंना."

पिप, सराफ, स्कूटर, रंकाळ्यावरची भेळ, सगळं एका झटक्यात कळलं, आणि कळलं तेव्हा हातात काही करण्यासारखं नव्हतं. स्टूल सोडून हलगीवाल्याकडे धावावं तर हे खाली पडतात. धरून ठेवावं तर लेकीचा फोटो जातो, आणि तो परत कधीच मिळायचा नाही. पण कारखान्यात गाळपाच्या हंगामात, मशिनरीच्या आवाजावर, अख्ख्या पाळीला हाका मारायची मला सवय. मी होता नव्हता तेवढा जीव घशात आणला.

"ए हलगीऽऽ! बंद! सगळं बंद करा! कुणी हलायचं न्हाई!"

हलगी थांबली. बँड थांबला. जंगमस्वामी 'सावधान'च्या तोंडावर येऊन थबकले. शेकडो माणसं मुठीत अक्षता धरून दगडासारखी उभी. मुलाच्या चुलत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, लग्नच मोडलं. कुणीतरी कुजबुजलं, "कोन गेलं?" एक लहान पोर रडायला लागलं, त्याच्या तोंडावर आईनं हात ठेवला. सगळा मांडव बुचकळ्यात, आणि त्या शांततेत साडूंचं बोट कड्यावरून हळूहळू फिरत होतं. कुणाकुणाच्या मुठीतून धीर सुटून अक्षता पडायलाही लागल्या. आणि मग, अगदी बारीक, चिमणीच्या पिल्लासारखा आवाज आला.

पिप.

लागलीच टुप्पकन फोटो निघाला. साडूंनी कॅमेरा खाली घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चालू द्या की आता! थांबलाय कशाला?" स्वामींनी 'सावधान' म्हटलं, हलगी कडाडली, अक्षतांचा मारा झाला. मी स्टूल धरूनच होतो. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे मलाही काही दिसत नव्हतं.

फोटो संगणकावर उघडला. त्या अवचित शांततेनं लेक लाजली होती, तिनं मान खाली घातलेली, आणि बरोबर मधोमध, तिच्या डोक्यावरून मागं, उभ्या होत्या अक्का. कॅमेऱ्याची पिप मध्यावर जे असेल त्यासाठी वाजते. लेक पुसट. अक्का मात्र अशा स्पष्ट की नथीतला मोती मोजावा. तोंडावर हात, डोळे मोठे झालेले, हवेत चार-दोन अक्षता. "पोरगी कशी आलीया?" साडूंनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अक्काच बोलल्या. "लई झ्याक आलीया." फोटो मोठा करून शेवटच्या खिळ्यावर लागला. येणारा-जाणारा झ्याक म्हणत राहिला.

पुढं डोळ्यांचे उपचार झाले. शुगरनं पडदा खराब केलेला. सुयांनी, लेझरनं एका डोळ्याला थोडंफार यश आलं, दुसऱ्याला नाही. वर्ष-दीड वर्षानं जावई बंगळूरहून नव्या तऱ्हेचा कॅमेरा घेऊन आला. यात आरसाच नसतो म्हणे. मग चित्र कशात दिसतं, हे मी विचारलं नाही. ते दोघंही समजावून सांगायला टपलेले होते. साडूंनी पहिला प्रश्न केला, "आटे बसत्यात का?" पुन्हा उद्यमनगर. आता रिंग नव्हे, चांगली डबीएवढी नळी. पुन्हा हाँगकाँग, पुन्हा सराफ, पुन्हा दगड माझ्या मांडीखाली. जावई म्हणत होता, याला चिपची गरज नाही. सासरे म्हणाले, "गरज नसंल. पर हजेरी लागल्यालं बरं."

या कॅमेऱ्यात एक बटण होतं. ते दाबलं की समोरचं दहापट मोठं होऊन पाठीमागच्या पडद्यावर येई. साडूंना कुबेराचा खजिना सापडला. सगळं घर ते त्यातून बघत सुटले. कॅलेंडर, तांदळातला खडा, माझ्या नाकावरचा तीळ. आणि बघता बघता ते माडीवरच्या भिंतीपाशी पोचले. एकेक नवरी कड्यावर बोट फिरवत बघत चालले. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी जावयाकडे, लेक माहेरपणाला आलेली ती आईकडे. थांबवायचं कसं आणि कुणी? ते शेवटच्या खिळ्याशी आले.

कडं पुढं फिरलं. मागं फिरलं. पुन्हा पुढं. लेक काही स्पष्ट होईना. ते पडद्याला नाक लावून उभे. मग त्यांनी कॅमेरा जरासा वर केला, आणि बोट थांबलं. पडद्यावर तळहाताएवढा अक्कांचा चेहरा आला होता. किती तरी वेळ ते बघत राहिले.

"ए," ते अक्कांना म्हणाले, "तू पोरीकडं का बघंनास? माझ्याकडं बगत हुतीस व्हय?"

"मग काय करू?" अक्का पदरानं डोळे पुसत फणकारल्या. "जल्मात पयल्यांदा स्टूल दुसऱ्याच्या हातात! माझा जीव खाली-वर. पडला असता म्हंजे?"

साडू हसले. मग त्यांचा चेहरा हसतानाच वाकडातिकडा झाला. "पावणं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी कॅमेऱ्यानंच ठरवलं की वो, कुनाकडं बगायचं." आणि लगेच दरडावून, "उभं काय ऱ्हायलाय? स्टूल आना."

मी स्टूल आणलं. ते चढले, चाचपत फोटो खिळ्यावरून उतरवला, आणि मी भिंतीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत स्टूल सरकवत नेलं, ते वर, फोटो छातीशी धरून, उतरायलाही तयार नाहीत. पहिला खिळा त्यांना सापडेना. अक्का पुढं झाल्या, त्यांचं मनगट धरून बोट खिळ्यावर ठेवलं. फोटो लागला. लेक लटक्या रागानं म्हणाली, "आणि माझा, बाबा?" "तुझा परत काढू की," ते म्हणाले, "जावयाला मुंडावळ्या बांद, येतो मी स्टूल घेऊन."

तो काढायचा राहिलाच. उरलेल्या डोळ्यानंही पुढं हळूहळू दगा दिला. आता साडू खाली दुकानात खुर्चीवर बसतात आणि आवाजावरून गिऱ्हाईक ओळखतात. पावसाळा संपला की अक्का लेन्स तांदळाच्या डब्यातून काढून गच्चीवर उपड्या वाटीवर ठेवतात, आणि हे शेजारी टोपी घालून बसतात. मी गेलो की पितळाचं ते कडं बोटानं फिरवत मला लेन्सच्या आतल्या काचा किती आणि उजेड कुठून कसा वळतो ते समजावून सांगतात. परवा मी पहिल्यांदाच म्हटलं, "कळलं न्हाय पावणं. परत सांगा."

त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.